मागच्या बेडचं तापमान

माझ्या डाव्या पायाची तीन बोटं केलाँगच्या दवाखान्यात राहिली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई जगते की मरते म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. बाई जगली. उलट परत आल्यापासून तिची जीभ जरा जास्तच चालते, असं घरातल्यांचं मत आहे.

मी वैजयंती मगदूम. जयसिंगपूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. नवरा अजित, सूतगिरणीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाला. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, पस्तीस वर्षं म्हणतेय. कागदावर तरी एकेरी म्हणून घेते.

२०४३च्या उन्हाळ्यात अजितने कॅराव्हॅन घेतली. पुढे ड्रायव्हरची सीट, तिच्या डोक्यावरून खाली उतरणारा एक बेड, मध्ये ओटा, फ्रीज आणि बाथरूम, आणि पार मागे दुसरा बेड. दोन्ही बेड एकेकट्याचे. घरीही आम्ही अकरा वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपतो. त्याची कंबर आणि माझं घोरणं, ही त्याची जाहीर कारणं. शोरूममधल्या माणसाने "डबल बेडचं मॉडेल दाखवू का?" असं विचारलं, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच नको म्हटलं आणि मग दोघंही खिडकीचे पडदे निरखत बसलो.

आता थोडं शिकवते, खोड आहे. पूर्वीच्या कॅराव्हॅनमध्ये डिझेलवर चालणारा हीटर असे, गॅसची शेगडी असे, काहींत तर फ्रीजसुद्धा गॅसवर चाले. पण धुराच्या काजळीने बर्फ काळं पडायला लागलं, हिमनद्या आटायला लागल्या, तेव्हा हिमालयात उंचावर जाणाऱ्या गाड्यांत काहीही जाळायला बंदी आली. सगळं विजेवर. घरात वीज तारेतून येतच राहते, त्यामुळे तिची किंमत कळत नाही. गाडीत ती टाकीतल्या पाण्यासारखी असते. भरली तेवढी भरली, वापरली तेवढी गेली. आमच्या बॅटरीत चोवीस युनिट मावायची. टपावरच्या सोलर पॅनेलमधून चांगल्या उन्हात दिवसाला पाचेक युनिट यायची. एरवी रात्री मुक्कामाच्या जागी खांबावरच्या प्लगला गाडी लावायची, की सकाळी टाकी पुन्हा भरलेली.

उष्णतेसाठी हीट पंप. हा वीज जाळून ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो. बाहेर पाच अंश असताना एक युनिट विजेत तीन युनिट ऊब देतो. बाहेर उणे चौदा झालं की हाच पंप कुथतो, त्याच्यावर बर्फ धरतं, ते वितळवायला पुन्हा वीज जाते, आणि एका युनिटात जेमतेम दीड युनिट ऊब हाती लागते. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच तो सर्वांत कंजूष. निसर्गाचे बरेच नियम असे आहेत.

म्हणून प्रत्येक गाडीत 'समतोल' नावाची यंत्रणा बसवलेली असे. वीज कमी पडली की कुणाला किती द्यायची, हे ठरवणारी. फ्रीज, पंप, ओटा, पुढचा भाग, मागचा भाग अशी तिची गिऱ्हाइकं. माणसांच्या बाबतीत मात्र तिला एक अडचण होती. यंत्राला थंडी वाजत नाही. मग कुणाला किती थंडी वाजते, हे कळणार कसं? तर तक्रारीवरून. कोण किती अंशांवर कुरकुरतं, कोण उठून हीटर वाढवतं, कोण गप्प राहतं, यावरून ती प्रत्येकाची सहनशक्ती मोजायची आणि एकूण तक्रार कमीत कमी होईल असं वाटप करायची. तक्रार नाही म्हणजे गरज नाही. या एका वाक्यावर ती सगळी यंत्रणा उभी होती, आणि गंमत म्हणजे शोरूममध्ये ऐकताना मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

तिला माणसं शिकायला तीन आठवडे लागतात. पण घरच्या स्मार्ट मीटरची जुनी माहिती दिली तर ते काम एका दिवसात होतं. मी आमच्या घराची सहा वर्षांची माहिती देऊन टाकली. एसी कुणाच्या खोलीत किती चालला, गिझरचं पाणी कुणी किती गरम घेतलं, सगळं. एसी अजितच्या खोलीत होता. माझ्याही खोलीत होता, पण मी एकटीसाठी कशाला लावायचा म्हणून लावत नसे. गिझरचं उरलेलं कोमट पाणी मी घ्यायची. सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईची अंघोळही शेवटीच असते. नंतर एक फॉर्म होता. प्रत्येक प्रवाशाला झोपताना किती तापमान लागतं? दोघांचाही मीच भरला. अजितपुढे तेवीस लिहिलं. माझ्यापुढे लिहिलं, काहीही चालेल. थर्मोडायनॅमिक्सचे दोन पेपर शिकवलेल्या बाईने, तापमानाच्या रकान्यात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात जिस्पाला पोचलो. नदीकाठी कॅराव्हॅनचा तळ होता. हंगाम संपत आलेला, आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती. तळावरचा माणूस किल्ल्या आमच्या हातात देऊन दोन दिवसांसाठी केलाँगला गेला. त्याच दुपारी बर्फ सुरू झालं. संध्याकाळी पाचला खांबावरची वीज गेली आणि पाठोपाठ फोनची रेंजही गेली. बॅटरी भरलेली होती. अजित म्हणाला, "मजा आहे की. एवढं बर्फ बघायला लोक कुठं कुठं जातात."

आणि खरंच मजा होती. आम्ही खिचडी केली, पत्ते खेळलो. लग्नानंतर पहिल्यांदाच अजितने मला रमी नीट शिकवली. आठवड्यातून एकदा असं बर्फ पडावं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. समतोलने तिच्या गोड आवाजात सांगितलं, बॅटरीत अकरा युनिट आहेत. अंघोळ केल्याशिवाय अजित तोंडात काही घालत नाही. लहानपणापासूनचा नेम आहे. मी त्याच्यासाठी दहा लिटर पाणी तापवलं. अर्धं युनिट गेलं. समतोलने ते कुठून भरून काढलं, हे मला लगेच कळलं, कारण माझ्या बाजूच्या झरोक्यातून येणारी ऊब थांबली.

"मागच्या भागात तेरा अंश आहेत. तुम्हाला थंडी वाजते का?"

"नाही, चालेल," मी म्हटलं. स्वेटर होताच की अंगात.

दुपारी बर्फ जरा थांबलं, तेव्हा टपावरची पॅनेल साफ केली तर थोडी वीज येईल, असा मी हिशेब केला. अजितची कंबर धरलेली होती, म्हणून मीच शिडीवर चढले. अर्धा तास खराट्याने बर्फ ओढलं. तेवढ्यात पुन्हा पडायला लागलं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. बुटात बर्फ शिरून मोजे भिजले. आत येऊन मी मोजे बदलले, पण दुसरी लोकरीची जोडी अजितच्या पायांत होती. मी सुती घातले. त्याला मागितली असती तर त्याने दिली असती. हे मी त्याची बाजू म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

तीन वाजता बॅटरीत पाच युनिट उरली. बाहेर उणे चौदा. या पाच युनिटांत काय होऊ शकतं, हे मी मनातल्या मनात काढलं. एक भाग रात्रभर वीस अंशांवर राहू शकत होता. किंवा दोन्ही भाग नऊ-दहा अंशांवर. नऊ-दहा अंशांत पांघरूण घेऊन कुणी मरत नाही. महाबळेश्वरला आपण तशा थंडीत सहली काढतो.

समतोलने पहिला पर्याय घेतला. तिच्या दृष्टीने तो बिनतक्रारीचा होता. पुढच्या भागातला माणूस अठराच्या खाली गेलं की कुरकुरतो, सहा वर्षांची नोंद आहे. मागच्या भागातल्या बाईची नोंदच नाही. पाण्याच्या पाइपांना मात्र खालची मर्यादा घातलेली होती. तीन अंशांच्या खाली ते जाऊ द्यायचे नाहीत, कारण पाइप फुटला तरी बोंबलत नाही, नुसतं पाणी गळतं. माणसाला अशी मर्यादा घातली नव्हती. माणसाला तोंड असतं, असं धरलेलं होतं. रात्री मी मागच्या बेडवर जाऊन पडले, तेव्हा तिने पुन्हा विचारलं.

"मागच्या भागात सहा अंश आहेत. तुम्हाला थंडी वाजते का?"

"नाही."

मधला सरकता दरवाजा ऊब राहावी म्हणून बंद होता. पलीकडे अजित पुस्तक वाचत होता. तो दरवाजा सरकवून मी एवढंच म्हणायचं होतं, की मी तुमच्याकडे येते, सरका जरा. दोन माणसं एका पांघरुणात म्हणजे दोनशे वॉटचा फुकटचा हीटर, हे मी पोरांना वर्गात हसवत शिकवलेलं आहे. पण अकरा वर्षांत मी ते वाक्य घरात म्हटलं नव्हतं, आणि त्याने कंबर धरून वर बघितलं असतं तर, या विचाराने मला थंडीपेक्षा जास्त गोठवलं. मी पडून राहिले. हे लिहिताना मला स्वतःचा इतका राग येतोय की पुढचं थोडक्यात सांगते.

थंडीत शरीर आधी कुडकुडतं. ती शरीराची तक्रार असते. मग एका टप्प्यावर कुडकुडणं थांबतं, झोप येते, सगळं ठीक आहे असं वाटायला लागतं. गादीखालच्या सेन्सरना दिसलं की बाई शांत झोपली आहे. यंत्रणेने त्याचा अर्थ समाधान असा लावला आणि उरलीसुरली ऊबही पुढे वळवली. सकाळी रस्ता मोकळा करणारं यंत्र आलं, तेव्हा माझ्या उशाशी ठेवलेलं पाणी गोठलेलं होतं.

पुढचं मला अजितने सांगितलं. तो ओरडला, रडला, मला पाठीवर घेऊन बर्फातून यंत्रापर्यंत गेला. तीच धरलेली कंबर. तीन दिवस तो माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होता. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, मशीनने घात केला. मलाही ते पटत होतं. मशीनवर राग काढणं किती सोयीचं असतं. ते रुसत नाही.

चौथ्या दिवशी कंपनीची इंजिनिअर आली. सई मुळे नाव, पुण्याची, पस्तिशीची. चेहरा उतरलेला. तिने टॅब्लेट उघडून सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या.

"मॅडम, सिस्टिमने तुम्हाला नऊ वेळा विचारलं. तुम्ही नऊ वेळा नाही म्हणालात."

अजितने एकदम श्वास सोडला. "बघ," तो म्हणाला. "तुला विचारलं होतं की. सांगायचं नाहीस का गं?" तो रागावून नव्हता बोलला. त्याची सुटका झाली होती, आणि ती लपवणं त्याला जमलं नाही.

सई खाली बघत होती. "अजून एक नोंद आहे. सरांची."

"माझी?"

"एखादा भाग फारच थंड झाला तर सिस्टिम सोबतच्या माणसाला एकदा विचारते. रात्री पावणेअकराला विचारलं होतं."

तिने ते ऐकवलं. आधी समतोलचा गोड आवाज. मागच्या भागातलं तापमान दोन अंश आहे. तुमच्या भागातली थोडी उष्णता तिकडे वळवू का? मग पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज. मग अजित, अगदी सहज, चिडचिड नाही, कंटाळा नाही:

"नको. तिला चालतं."

अजित म्हणाला, झोपेत बोललो असेन. मग म्हणाला, दोन अंश म्हटलेलं नीट ऐकू आलं नसेल. मला वाटतं, त्याला आठवतच नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. मुद्दाम केलं असतं तर निदान माझा विचार तरी केला असता.

सईने एक कागद पुढे केला. त्यावर अपघाताचं कारण लिहिलेलं होतं, 'प्रवाशाने स्वतः उष्णता नाकारली.' मी सही केली की प्रकरण बंद. नाही केली तर सरकारी चौकशी समिती बसणार, चौकशी होईपर्यंत देशातल्या चार हजार दोनशे गाड्यांतली समतोल थांबवावी लागणार, आणि सगळ्या नोंदी समितीपुढे जाणार. आवाजांसकट. "मला तुम्हाला सही करा म्हणून सांगायला पाठवलंय," सई म्हणाली. "मी सांगितलं." आणि ती चहा घ्यायला बाहेर गेली.

अजितने माझा हात धरला. त्याच्या हाताला बर्फाने फोड आले होते, मला उचलून नेतानाचे.

"वैजू, करून टाक सही. नाहीतर पेपरात येईल गं. जयसिंगपुरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"कुणाला?"

"आपल्याला. आणि झालं ते झालं की. आता तुला काय फरक पडतो?"

संध्याकाळी केतकीचा, आमच्या मुलीचा, व्हिडिओ कॉल आला. तिला बापाने आधीच सांगितलेलं होतं. "आई, बाबांची शोभा कशाला करतेस? त्यांनीच उचलून आणलं ना तुला? तू समजूतदार आहेस."

समजूतदार. जन्मभर हा शब्द मी बक्षिसासारखा घेतला. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की तोही सहनशक्तीचाच आकडा आहे, आणि घरातल्या प्रत्येकाकडे माझी नोंद आहे. यंत्राने नवीन काही शोधलंच नव्हतं. त्याने आमच्या घराची नक्कल केली होती, आणि ती चोख केली होती. सही करणं म्हणजे त्या नकलेला मीच बरोबर म्हणणं.

सकाळी मी सईला कागद सही न करता परत दिला. अजित स्टुलावरून उठून बाहेर गेला. परतीच्या प्रवासात तो माझ्याशी गरजेपुरतं बोलला. औषध घेतलंस का, पाय वर ठेव, एवढंच.

समिती बसली, आवाज ऐकला गेला, पेपरात आलं. नाव छापलं नव्हतं, पण आमच्या गावाला नावाची गरज नसते. अजितने बँकेजवळच्या कट्ट्यावर जाणं सोडलं. केतकी दिवाळीला आली नाही. सुनावणीला माझी जबानी झाली, तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही स्वतः भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक, तुम्हाला धोका कळला नाही का? मी म्हटलं, कळला होता. थंडी वाजतेय हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही, सवय लागते.

यंत्रणा दुरुस्त करायला कंपनीला अकरा दिवस लागले. आता ती कुणाला विचारत नाही. माणसाच्या पायाच्या बोटांचं तापमान बघते आणि खालची मर्यादा पाळते. जी मर्यादा पाइपांना होती ती माणसांना दिली, एवढीच दुरुस्ती.

समितीचा अहवाल फेब्रुवारीत घरी आला. अजित पेपर बाजूला ठेवून तो वाचायला बसला. मी ओट्याशी होते, काठीवर रेलून. समितीने सगळ्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. नवरा-बायको दोघंच फिरतात अशा दोन हजार सहाशे गाड्या निघाल्या. त्यांपैकी दोन हजार एकशे गाड्यांत, वीज कमी पडेल त्या प्रत्येक वेळी, दोन बेडांपैकी ठरावीक एकच बेड थंड ठेवला जात होता. सरासरी सहा अंशांनी. कुणाचा, याचा तक्ता शेवटच्या पानावर होता.

"वैजू," अजितने हाक मारली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. "हे वाचलंस? दोन हजार एकशे. म्हणजे सगळीकडं हेच आहे की. मी एकटा नाही."

त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तोच चेहरा, दवाखान्यात नऊ वेळा नाही ऐकल्यावर झाला होता तसा. पस्तीस वर्षांत या माणसाचा मला राग पुष्कळदा आला असेल, पण त्याच्याकडून काही अपेक्षा करणं मी सोडलं ते फेब्रुवारीतल्या त्या सकाळी.

"तो आकडा तुमच्यासारख्यांचा नाही, अहो," मी म्हटलं. "थंडीत झोपलेल्या बायकांचा आहे."

त्याने तक्ता पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, बोट ठेवून वाचत होता. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाला, "पण दोन्हीचा आकडा एकच येतो की."